नक्षी

सतरा सप्टेंबर तीन दिवसांवर आलेला.
पुस्तकात या सगळ्याला दीड पान,
त्यातलं अर्धं चित्रानं खाल्लेलं.
खाली स्वाध्याय : रिकाम्या जागा भरा.

उदगीरच्या अलीकडं आमची शाळा,
सातवीत एकतीस पोरं,
पत्र्यावर वानरं नाचली की
दोन मिनिटं इतिहास थांबतो.
मी म्हटलं, घरी विचारून या,
त्या साली आपण कुठं होतो.

शिवलीला सगळ्यांआधी उठली.
तिचे पणजोबा सरहद्दीवरच्या कॅम्पात,
मांडीत गोळीचा व्रण,
पेन्शनच्या कागदाला आईनं प्लास्टिक चढवलेलं.
टाळ्या झाल्या. व्हायलाच हव्या होत्या.

रोहिदास म्हणाला, आम्ही तांड्यावर होतो बाई,
दोन्हीकडचे यायचे म्हणे रात्री,
दोन्हीकडचे भाकरीच मागायचे.

धम्मदीपनं वहीत एकच ओळ लिहून आणलेली :
हीर आधीबी बंद होती, नंतरबी.
ती मी दुरुस्त केली नाही.

तहसीननं वही उघडलीच नाही.
मधल्या सुट्टीत हात धुता धुता
नळाकडं बघून म्हणाली,
अम्मी बोली, ये सब मत बोल इस्कूल में.

डी.एड.ला शिकवलं होतं :
पाठाची सुरुवात ओळखीच्या वस्तूनं करावी.
मी घरून डेगची आणलेली.
तांब्याची, कल्हई उडालेली,
काठाखाली गोल फिरलेली नक्षी.
लहानपणी मी त्या नक्षीवरून बोट फिरवत बसायचे,
डावीकडून उजवीकडं.

जुनी वस्तू कशी वाचायची बघा, मी म्हटलं,
धातू कोणता, जोड कुठं, काजळी किती.
डेगची बाकाबाकावरून सरकत गेली
आणि तिसऱ्या रांगेत थांबली.
तहसीननं ती उलट्या अंगानं फिरवली,
हळू, जात्यात घास जपून टाकावा तशी.

"नक्षी नै बाई ये. नाम है."

मग मक्तबात शिकलेली अक्षरं जोडत, अडखळत :
खैरुन्निसा बी.
सन तेराशे त्रेचाळीस फसली.

पाचशे नव्वद मिळवायचे! व्यंकट ओरडला,
(जुन्या पहाणीपत्रकावरून मीच शिकवलेलं गेल्या आठवड्यात)
एकोणीसशे तेहेतीस!
गणित बरोबर होतं.
"मग तुमच्या घरी कशी आली बाई?"

वानरं त्या दिवशी नेमकी आली नाहीत.

आमच्या घरात एक वाक्य होतं :
ही भांडी त्या साली आली.
आली. जशी काही पायांनी चालत,
उंबऱ्यावर माप ओलांडून.
सव्वीस वर्षं मी व्याकरणही शिकवते,
आणलं कुणी, हा प्रश्न
त्या वाक्याला कधी विचारला नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.
ते खोटं वाटलं, म्हणून पुन्हा म्हटलं,
"मी कधी विचारलं नाही."
फळ्यावर लिहिलं.
पोरांनी उतरवून घेतलं तारखेसकट,
सगळंच उतरवतात तसं.

शिवलीलाचा चेहरा उतरलेला.
"मग आमचे पणजोबा खोटे का बाई?"
नाही गं. गोळी खरी, कॅम्प खरा.
आणि हे नावही खरं.
दोन्ही एकाच दप्तरात न्यायचं.
"जड हुईल की."
होईल.

शाळा सुटल्यावर तहसीन दाराशी घुटमळली.
एक दिन घर ले जाऊं?
अम्मी को दिखाती.
मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

सतराला झेंडा वर गेला.
पोरांनी मोठ्यानं घोषणा दिल्या, मीही दिल्या.
तहसीन चौथ्या रांगेत, हात रिकामे.
आज आठ दिवस झाले.
डेगचीचं मी काही विचारलेलं नाही.

हे न विचारणं वेगळं आहे
की तेच जुनं,
मला अजून नीट वाचता येत नाही.